पट्ट्यावरचं कुत्रं दुसऱ्या कुत्र्यावर धावतं, शिकवलं तरी पुन्हा तेच: नेमकं कुठं बिघडतंय?

घरात गुणी कुत्रं. पोरांच्या अंगाखांद्यावर खेळतं, पाहुण्यांकडं ढुंकूनही बघत नाही. पण पट्टा लावून रस्त्यावर काढलं आणि लांबवर दुसरं कुत्रं दिसलं, की मानेपासून शेपटीपर्यंत केस ताठ, मागच्या दोन पायांवर उभं राहून भुंकणं आणि पट्ट्याला असे हिसके की धरणाऱ्याचा खांदा निखळावा. मग कुणी सांगतं म्हणून, किंवा व्हिडिओ बघून, खाऊ देऊन शिकवणं सुरू होतं. थोडे दिवस बरं जातं. आणि एका सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इथं जे लिहितोय ते त्या ‘पुन्हा’साठी. लातूर, नांदेड, परभणीकडच्या ओळखीच्या लोकांकडून मला येणारा प्रश्न ‘शिकवायचं कसं’ असा क्वचितच असतो. ‘शिकवलं होतं हो, पण परत तसंच करायलंय’ असाच असतो. माझं ठाम मत असं की बहुतेक घरांत शिकवणं चुकलेलं नसतं. रस्त्यावर वीस मिनिटांत शिकवलेलं उरलेल्या दिवसात घरीच पुसलं जातं. म्हणून सुरुवात रस्त्यावरून न करता फाटकापासून करू.

रस्त्यावर सुधारतं, आठवड्याभरात पुन्हा बिघडतं

आपल्याकडच्या गल्लीतलं घर डोळ्यांसमोर आणा. रस्त्याला लागून कंपाऊंड, लोखंडी फाटक, फाटकाच्या गजांतून सगळी गल्ली दिसते. कुत्रं दिवसभर अंगणात मोकळं. दूधवाला येतो, घंटागाडी येते, शाळेची ऑटो येते आणि मधूनमधून गल्लीतलं एखादं कुत्रं हुंगत हुंगत जातं. आतलं कुत्रं धावत फाटकाशी जाऊन जीव तोडून भुंकतं आणि बाहेरचं निघून जातं. आतल्याचा हिशेब पक्का होतो: मी भुंकलो, ते पळालं. ते तसंही जाणारच होतं हे त्याला कळायला मार्ग नाही. दिवसातून कितीतरी वेळा ही शिकवणी विनाखंड चालते आणि संध्याकाळी आपण पट्टा घेऊन त्याला नेमकं उलटं शिकवायला निघतो. कोण जिंकणार ते उघड आहे.

नांदेडमधल्या एका घरी टायगर नावाचा लॅब्राडोर बघितला होता. ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधलेला, तोंड रस्त्याकडं. साखळी जिथवर पोचायची तिथं मातीत एक स्वच्छ अर्धगोल उमटला होता. त्या अर्धगोलाच्या रस्त्याकडच्या टोकाला माती नखांनी खरवडून वीतभर खड्डा झाला होता, बाकी सगळीकडं जमीन सपाट. म्हणजे दिवसभर त्या एकाच टोकाला उभं राहून तो रस्त्यावर धावून जायचा आणि साखळी त्याला मागं खेचायची. घरच्यांना वाटत होतं, बांधलेलं आहे म्हणजे निवांत बसलेलं असतं. त्यांनी एकच बदल आधी केला. बांधायची जागा मागच्या अंगणात, मोरीजवळच्या सावलीत नेली. रस्त्यावरची शिकवणी तीच राहिली, पण आता ती टिकायला लागली.

फाटकाचं काम खर्चिक नाही. खालच्या भागाला, कुत्र्याची नजर जाते त्याच्या हातभर वरपर्यंत, पत्रा मारा किंवा शेडनेट बांधा. शेडनेट दुहेरी लागते, एकेरीतून हालचाल दिसते आणि हालचालच तर त्याला पेटवते. जुनी ताडपत्रीही चालेल. गच्चीवर सोडत असाल तर तेही बंद करा. वरून तर त्याला चार गल्ल्या दिसतात. दिसणं थांबलं तरी आवाज आणि वास राहतातच, म्हणून वर्दळीच्या वेळेला कुत्रं मागच्या खोलीत ठेवा आणि त्याला काम द्या. जुन्या सुती टॉवेलात भाकरीचे तुकडे गुंडाळून दिले तर ते उलगडून शोधण्यात चांगला वेळ जातो. जवळ मात्र बसा, म्हणजे टॉवेलच गिळणार नाही. शिजवलेली हाडं देऊ नका, ती फुटून घशात किंवा आतड्यात रुततात.

तरीही फाटकाशी भुंकलंच, तर घरातून ‘ए गप’ म्हणून ओरडू नका. त्याच्या कानाला ते आपण साथ दिल्यासारखंच लागतं. उठून जवळ जा, शांतपणे बाजूला घ्या, आत आणा. नाव घेतल्यावर फाटकाला पाठ फिरवून येण्याचा सराव मात्र गल्ली सामसूम असताना करायचा. भुंकण्याच्या भरात नवीन काही शिकवता येत नाही.

शेतावरच्या कुत्र्यांचंही यात आलंच. आखाड्यावर दिवसभर साखळीला असलेलं आणि रात्री मोकळं सोडलेलं कुत्रं रात्री शेजारच्या धुऱ्यावरच्या कुत्र्यांशी बऱ्यापैकी जुळवून घेतं आणि दिवसा तीच कुत्री दिसली की साखळी तोडायला बघतं. लोकांना हे कोडं वाटतं. मोकळ्या कुत्र्याला भीती वाटली तर बाजूला सरकता येतं, बांधलेल्याला येत नाही. पळायची वाट बंद झाली की अंगावर जाणं एवढंच उरतं. पट्ट्यावरही नेमकं हेच घडतं.

इतकी वर्षं शांत होतं, आता अचानक

इथं शिकवणी बाजूला ठेवून आधी दवाखाना. कानाचा संसर्ग, दाताचं दुखणं, कंबर किंवा खुब्याचा त्रास, म्हातारपणी मंद झालेली नजर, यातलं काहीही असलं की कुत्रं दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. आपल्याकडं गोचीड फार, आणि गोचिडांतून येणारा ताप अंगात मुरलेला असला तर कुत्रं चिडचिडं होतं, खाणं कमी होतं. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथं तपासणीची सोय असते. दुखण्यावर खाऊचा उपाय चालत नाही.

खाऊ दाखवला तरी बघत नाही

तुम्ही फार जवळ आहात. खाऊ बदलायच्या आधी अंतर बदला. या सगळ्या शिकवणीत अंतर हेच औषध आहे आणि बाकीचं सगळं अनुपान.

प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते. हद्दीच्या बाहेर दुसरं कुत्रं दिसलं तर ते कान टवकारतं, बघतं, पण नाव घेतलं की वळतं आणि तोंडापाशी धरलेला तुकडा खातं. हद्दीच्या आत आलं की तोंड मिटतं, अंग ताठ होतं, नजर खिळते. मग तुम्ही कोंबडी धरा नाहीतर पनीर, त्याला दिसतच नाही. तो हट्ट नसतो, त्या वेळी त्याचं डोकं शिकण्याच्या अवस्थेतच नसतं. हद्द पावलांनी मोजून ठेवा. समजा चाळीस पावलांवर पेटत असेल, तर साठ पावलांवरून काम सुरू करायचं.

भुंकणं ही शेवटची पायरी असते. त्याआधी कुत्रं बरंच काही सांगून जातं. नुसतंच ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान दुसरीकडं वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं (तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसतो), एक पाय उचलून थिजणं. माझी कुत्री बारकी हे सगळं एवढ्या झटक्यात करायची की लक्ष दिल्याशिवाय दिसायचं नाही. तिचं पक्कं लक्षण म्हणजे शेपटीचं नुसतं टोक थरथरायचं, बाकी शेपटी दगडासारखी. ते दिसलं की मागं वळायचं, भुंकायची वाट बघायची नाही. तुमच्या कुत्र्याचं असं एखादं लक्षण शोधून काढा.

आता खरी अडचण. साठ पावलं आणायची कुठून? गावठाणातल्या आठ फुटी बोळात समोरचं कुत्रं वळणावरूनच उगवतं. यावर माझं स्पष्ट म्हणणं आहे की बोळात शिकवूच नका. बोळ पार करायचा तो कुत्र्याला स्कूटरवर, ऑटोत नाहीतर गाडीत बसवून. शिकवायला गावाबाहेर जा. मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक शहराच्या कडेला प्लॉटिंग पाडून ठेवलेल्या जागा आहेत. रस्ते झालेत, खांब रोवलेत, घरं अजून नाहीत. घरं नाहीत म्हणून उष्टंखरकटं नाही, म्हणून मोकाट कुत्रीही कमी; आणि कुणी आलंच तर लांबून दिसतं. यापेक्षा चांगलं मैदान मिळायचं नाही. रब्बी निघाल्यावर रिकामं रानही उत्तम. पावसाळ्यात मात्र काळ्या रानात पाय टाकू नका, पंजांत चिकटलेल्या मातीच्या गोळ्यांनी कुत्रं आणखी वैतागतं.

मध्येच आडोसा लागला तर उभी ट्रॅक्टरची ट्रॉली, टमटम, कडब्याची गंजी, काहीही चालतं. समोरचं कुत्रं नजरेआड झालं की अर्धं काम होतं.

वेळेचंही बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ अंशांवर जातो. सकाळी उजाडतानाच निघा, संध्याकाळी अंधार पडून डांबर निवल्यावर. हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही सोसवणार नाही. आधीच तळवे भाजलेल्या कुत्र्याकडून सबुरीची अपेक्षा करायची कशी?

खाऊ खातं, पण पिशवीत हात घातला की उलट जास्त चिडतं

हे दिसायला विचित्र असलं तरी कारण साधं आहे. क्रम उलटा झालाय. लांबून कुत्रं येताना आधी तुम्हाला दिसतं, तुम्ही घाईनं पिशवीत हात घालता, खाऊ तोंडापुढं धरता आणि त्यानंतर तुमच्या कुत्र्याला समोरचं कुत्रं दिसतं. दोन-चार वेळा असं झालं की तो शिकतो: खाऊ निघाला म्हणजे संकट येतंय.

पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. (त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी.) तिथं आधी खूण, मग अन्न, हा क्रम होता. म्हणूनच नुसत्या खुणेनं लाळ सुटू लागली. आपल्याला तेच हवंय. आधी दुसरं कुत्रं दिसू द्यायचं. त्यानं बघितलं, त्या क्षणी एक ठरलेला शब्द, ‘शाब्बास’ म्हणा, आणि लगेच तुकडा. समोरचं कुत्रं दिसतंय तोवर तुकडे सुरू, ते नजरेआड झालं की तुकडे बंद. बंद करणं विसरू नका. तेव्हाच त्याला कळतं की ही चैन त्या दुसऱ्या कुत्र्यामुळं आहे. काही काळानं कुत्रं दिसलं की तो आपणहून तुमच्याकडं वळून बघायला लागतो, ‘कुठंय माझं?’ अशा चेहऱ्यानं. तो वळून बघणं हीच कमाई. तिथून पुढं एकेक-दोन-दोन पावलांनी अंतर कमी करायचं, आणि एखाद्या दिवशी जमलं नाही तर विनातक्रार मागं जायचं.

तुकडा चण्याच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, चावत बसावा लागणार नाही इतका. वाळल्या भाकरीवर हे काम होत नाही, भाकरी घरी रोजच मिळते. मीठ-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी, कलेजी, अंडं, शाकाहारी घर असेल तर पनीर, आणि हे फक्त या कामासाठी राखून ठेवलेलं. कांद्याचा मसाला लागलेलं काही नको. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नको, कुत्र्यांना ते घातक आहे. फिरायला जेवणाआधी न्या.

घरातली मोठी माणसं इथं हमखास हरकत घेतात की भुंकणाऱ्याला खायला घालता म्हणजे त्याला आणखी चढवता. अंतर बरोबर असेल तर तो भुंकतच नसतो, तेव्हा बक्षीस भुंकण्याचं नसतं. आणि चुकून भुंकला, तरी घाबरलेल्याला खायला दिल्यानं भीती वाढत नाही. तरी तेव्हा खाऊच्या नादी न लागता अंतर वाढवा, हे जास्त कामाचं.

पट्ट्याशिवाय शहाणं, पट्ट्यावर वेडं

हात बघा. लांब कुत्रं दिसलं की माणूस नकळत पट्टा मनगटाला गुंडाळतो आणि श्वास धरतो. पट्टा ताणला की कुत्र्याचं अंग वर उचललं जातं, छाती पुढं येते, मान ताठ होते. समोरच्या कुत्र्याला ते आव्हान वाटतं, ते रोखून बघतं, आणि मग दोन्हीकडून पेटतं. शिवाय गळ्याला बसलेला काच दर वेळी दुसरं कुत्रं दिसतानाच बसतो. दुखलं कशामुळं, तर त्या कुत्र्यामुळं, असा त्याचा समज होतो.

म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. पट्टा साधारण सहा फुटी, कापडी; बटण दाबून लांब-आखूड होणारा नको आणि साखळीही नको. पट्टा खाली सैल झोळ पडेल असा धरायचा. रिकाम्या रानात लांब दोरी लागते, तिथं बैलांचा सुती कासरा चांगला चालतो. तो हार्नेसलाच बांधायचा, गळ्याला कधीच नाही, आणि हाताला गुंडाळायचा नाही, नाहीतर तळहात सोलून निघतो.

गळा आवळणारी साखळी, आतून काटे असलेला पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा, काठी. यांनी भुंकणं थांबतं हे खरं आहे, त्याच दिवशीही थांबतं, आणि म्हणूनच लोक फसतात. भीती तशीच राहते, फक्त गुरगुरणं बंद होतं. गुरगुरणं ही कुत्र्यानं दिलेली सूचना असते. ती मारून बंद केली की ते कुत्रं पुढं सूचना न देता चावतं. अशी कुत्री मी बघितली आहेत आणि त्यांना परत माणसात आणणं फार अवघड जातं.

‘कुत्र्यावर वचक पाहिजे, आपण त्याचा म्होरक्या आहोत हे त्याला कळलं पाहिजे’ हा सल्ला देणारेही भेटतील. ही कल्पना १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या अभ्यासातून पसरली. पुढं डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये तीच उचलून धरली आणि मोकळ्या लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास केल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच मांडलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. सत्तेसाठी झगडत राहणारी टोळी नव्हे. ज्या पायावर वचक उभा केला तो पायाच त्यांनी काढून घेतला.

आमचं शिकलं, पण गल्लीतली अंगावर येतात

परदेशी व्हिडिओंमध्ये हा धडाच नसतो, कारण तिकडं रस्त्यावर कुत्री सहसा मोकळी नसतात. आपल्याकडं निम्मी शिकवणी हीच आहे.

पहिली गोष्ट, गल्लीतली कुत्री ओळखून ठेवा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं साधारणपणे त्याच भागात परत सोडतात आणि त्याच्या कानाला काप दिलेला असतो. म्हणजे ही मंडळी ठरलेली, त्यांच्या हद्दीही ठरलेल्या. कोणता चौक कुणाचा, कोणत्या ओट्याखाली कोण झोपतं, कुणाला पिल्लं झालीत हे आठवडाभर एकट्यानं फिरून बघा, कुत्रं न घेता. मग वाट आखा. हद्दीची सीमा ओलांडतानाच जास्त बोंब होते. पिल्लांची आई असेल तर ती गल्ली तेवढे दिवस टाळा, ती ऐकणार नाही आणि तिनं ऐकावं अशी अपेक्षाही रास्त नाही.

दुसरी गोष्ट, वळण. ‘चल, वळ’ म्हटलं की तुमच्याबरोबर गर्रकन मागं फिरणं हे घरात, मग अंगणात, मग सामसूम रस्त्यावर खेळासारखं पक्कं करा. वेळ आली की विचार न करता जमलं पाहिजे.

आणि तरीही एखादं धावून आलंच तर? तुमचं कुत्रं मागं, तुम्ही मध्ये. पळू नका. मूठभर खाऊ येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडावरून, त्याच्या मागच्या बाजूला जमिनीवर पडेल असा फेका. बहुतेक कुत्री हुंगायला थांबतात आणि तेवढ्यात तुम्ही निघता. वाकून दगड उचलल्यासारखं करणं हा आपला पिढीजात उपाय लागू पडतो, पण तो शेवटी ठेवा. एक तर तुमचं कुत्रंही त्या वाकण्याला दचकतं, आणि खरा दगड मारलात तर ते गल्लीतलं कुत्रं पुढच्या वेळी तुम्हाला बघूनच उठेल. रोज त्याच वाटेनं जायचंय. उलट, रोजच्या ओळखीच्या दोन-तीन कुत्र्यांना जाता-येता, तुमचं कुत्रं बरोबर नसताना, थोडं काही घालत राहिलात तर ती उठायचीही तसदी घेत नाहीत.

कुत्री एकमेकांत गुंतलीच तर मध्ये हात घालू नका. पाणी, मोठा आवाज, मध्ये सरकवायला पत्रा किंवा फळी.

भाद्रपद लागला की सगळं मुसळ केरात

भाद्रपद ते कार्तिक हा आपल्याकडं कुत्र्यांचा माजाचा काळ. एका मादीमागं सात-आठ नर, गल्लोगल्ली मारामाऱ्या, रात्रभर भुंकणं. त्यातच गणपतीचे ढोल, नवरात्र, दिवाळीचे फटाके. कुत्र्याच्या अंगात ताण साचत जातो. रात्री फटाक्यांनी झोप उडालेली, सकाळी घंटागाडीचा भोंगा, दुपारी पाहुण्यांची पोरं, आणि संध्याकाळी समोर एक साधं, रोज दिसणारं कुत्रं येतं आणि त्यावर सगळं फुटतं. मालक म्हणतो, आज याला झालं काय? झालेलं असतं ते कालपासून. एखाद्या मोठ्या भडक्यानंतर पूर्ण निवायला कुत्र्याला दोन-तीन दिवसही लागतात. तेवढे दिवस शिकवणी बंद, फक्त शांत जागी लांब दोरीवर मनसोक्त हुंगू द्यायचं. हुंगण्यानं कुत्रं निवतं, पळवण्यानं तेवढं नाही.

या काळात हद्द वाढवूनच धरा, चाळीसची साठ. शिकवलेलं वाया गेलेलं नसतं. पुढं लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला पाहुणेमंडळी शेतात येतात, कुणाकुणाची कुत्रीही बरोबर असतात. तिथं ‘बघू तरी किती सुधारलाय’ म्हणून त्याची परीक्षा घेऊ नका. घरीच ठेवा.

नसबंदीचंही विचारतात. मादीचा माज थांबतो, माजावरच्या मादीमागं जाणाऱ्या नराला फरक पडतो. पण भीतीनं भुंकणाऱ्या कुत्र्याची भीती नसबंदीनं जाईल या भरवशावर राहू नका.

एका माणसाबरोबर बरं, दुसऱ्याबरोबर तसंच

घरात चार माणसं चार तऱ्हेनं वागली की कुत्र्याचा गोंधळ होतो. आजोबा काठी आपटतात, पोरगं मुद्दाम ‘छू’ म्हणतं, ताई उचलून कडेवर घेतात. शिकवणी पक्की होईपर्यंत फिरवणारा एकच, फार तर दोघं. बाकीच्यांनी तेवढा शब्द आणि वळण शिकून घ्यावं. ‘छू’ मात्र घरातून कायमचं हद्दपार.

रस्त्यावरची माणसं हा वेगळा विषय. ‘काय होत नाही, सोडा त्याला, खेळतील दोघं’ म्हणत आपलं कुत्रं घेऊन जवळ येणारे भेटतातच. संकोच करू नका. लांबूनच हात करून सांगा, ‘अण्णा, जरा तिथंच थांबा, आमचं शिकायलंय अजून.’ लोक थांबतात. आणि त्या अण्णांचं कुत्रं शांत स्वभावाचं असेल तर त्यांचीच मदत मागा: रुंद रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेनं, दोघांनी आपापलं कुत्रं घेऊन चालायचं, समोरासमोर कधीच नाही. कुत्र्यांना बरोबर चालणं सोपं जातं, तोंडावर तोंड येणं जड जातं. काही फेऱ्यांनी मधलं अंतर थोडं थोडं कमी होतं. माझ्या अनुभवात याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही.

कुत्र्यांवरही धावतं, मांजरावरही, मोटारसायकलवरही

लातूर भागात कारवान पाळण्याची जुनी हौस आहे. नजरेनं शिकार हेरून वाऱ्यासारखं पळणारी ही जात. लांब पळणारं काहीही दिसलं की तिचं अंग आपसूक सुटतं. यात भीती नसते, राग नसतो. भुंकणंही कमी असतं, नुसती झेप असते. अशा कुत्र्याला रोज कुंपण असलेल्या रानात मनसोक्त पळायला मिळालं नाही तर बाकीचे उपाय अर्धेच लागू पडतील. आणि पकड सैल असेल तर दोन्ही हातांनी पट्टा धरा, कारवानची झेप पहिल्या क्षणातच हातातून पट्टा नेते.

चावलंय, किंवा चावेल असं वाटतंय

जाळीचं मुसकं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी फिरायला नको, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मुसक्यात आधी खाऊ ठेवून स्वतःहून तोंड घालायला शिकवा, मग बांधा. आपल्या कुत्र्याची रेबीजची लस दर वर्षी चुकवू नका. कुणालाही, दुसऱ्या माणसाला किंवा कुत्री सोडवताना तुम्हालाच, दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. ओळखीचं कुत्रं आहे म्हणून थांबू नका.

महिना-दोन महिने अंतर सांभाळून, फाटक झाकूनही काहीच हलत नसेल, किंवा कुत्रं घराबाहेर पडायलाच थरथरत असेल, तर पशुवैद्यांशी औषधाबद्दल बोला. मनाची भीती कमी करणारी औषधं कुत्र्यांनाही असतात आणि शिकवणीच्या जोडीनं ती चांगलं काम करतात. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र मनानं देऊ नका. डॉक्टरांकडं जाताना दोन व्हिडिओ बरोबर न्या, एक रस्त्यावरचा आणि एक फाटकावरचा, कारण तपासायच्या टेबलावर कुत्रं गुपचूप बसून राहतं. आणि दवाखान्याच्या बाकड्यांवर इतर कुत्र्यांत बसू नका. आधी फोन करून नंबर लावा, कुत्रं घेऊन बाहेर झाडाखाली लांब थांबा, आणि नंबर आला की हाक मारायला सांगा.